पस्तीस दिवसांनंतर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एरवी मला इथे बोलावतात ते कविता वाचायला. आज मात्र मला दोन शब्दांवर बोलायचं आहे. ते शब्द असे : ‘ताप आलाय.’

हे दोन शब्द आमच्या घरात नऊ वर्षं मुक्कामाला होते. माझा धाकटा भाऊ गॅरेजमध्ये मिस्त्री. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा. तो कामावर गेला नाही की मालक पोऱ्याला पाठवायचे. पोऱ्या दारात उभा राहायचा आणि मी बाहेर येऊन सांगायचो, ‘ताप आलाय त्याला.’ आत भाऊ पिऊन पडलेला असायचा. पोऱ्यालाही ते ठाऊक होतं, मालकांनाही आणि गल्लीलाही. तरी सगळे मान डोलवायचे. एवढा दीर्घ ताप सोलापुरात दुसऱ्या कुणाला आला नसेल.

भावाला विचारूनच मी हे सांगतो आहे. त्याचं नाव मात्र सांगणार नाही. ज्या सभेत तो जातो तिथली ती शिस्त आहे. त्या सभेविषयी पुढे सांगेनच.

अब्बा यंत्रमागावर होते, अम्मी विड्या वळायची. घरात नमाज, रोजे, सगळं रीतसर. आमच्या धर्मात दारू हराम, म्हणजे निषिद्ध. त्यामुळे मोहल्ल्यात एक वाक्य ठरलेलं असतं, ‘आपल्यात कुणी पीत नाही.’ हे वाक्य अभिमानाचं वाटतं. पण ज्याच्या घरात कुणी पितं, त्याला ते घराला बाहेरून लावलेल्या कुलपासारखं असतं. मदत मागायची तर आधी कबूल करावं लागतं आणि कबूल केलं की अब्रू गेली. मग काय करायचं? ताप आलाय म्हणायचं.

हे फक्त आमच्यात आहे असं कृपा करून समजू नका. दुसऱ्या वस्तीत ‘पित्त झालंय’ म्हणत असतील, बंगल्यांच्या कॉलनीत ‘ब्लडप्रेशर वाढलंय’ म्हणत असतील. आजार एकच, लपवण्याचे शब्द वेगळे.

आणि मी स्वतः काय करत होतो? मी मराठी गझल लिहित होतो. साकी, मैखाना, जाम, सुराही हे शब्द सफाईनं वापरत होतो. एकदा परगावच्या मुशायऱ्यात माझ्या अशाच एका शेरावर लोकांनी चार वेळा ‘मुकर्रर’ केलं. पहाटे घरी आलो तेव्हा भाऊ गटारीच्या कडेला पडला होता आणि त्याचा पाच वर्षांचा मुलगा त्याच्या चपला हातात घेऊन शेजारी बसला होता. चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून. त्या दिवसानंतर हे शब्द माझ्या वहीत पुन्हा आले नाहीत. दुसऱ्यांनी लिहू नयेत असं माझं म्हणणं नाही. माझी लेखणी तिथे अडते, एवढंच.

उपाय म्हणून केलेले अपाय

आजार कबूल करायचा नाही म्हटल्यावर उपायही चोरूनच होतात. आधी दर्गे झाले, तावीज झाले. सोडायची शपथ घालून झाली. शपथ मोडली की तो आणखी खजील व्हायचा आणि खजील झाला की आणखी प्यायचा. मग अम्मीनं एक जाहिरात कापून आणली, ‘पिणाऱ्याला नकळत दारू सोडवा.’ टपालानं पुडी आली. ती आम्ही त्याच्या कालवणात मिसळू लागलो. एका रात्री तो घामानं निथळला, चेहरा लालबुंद, छाती धडधडायला लागली, उलट्या थांबेनात. त्या पुडीत काय होतं ते आजही मला माहीत नाही. पण दारूची शिसारी बसवणारी औषधं असतात आणि पोटात दारू असताना ती जिवावर बेतू शकतात, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. असं औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. चोरून कधीही नाही. अम्मीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

त्यानंतर गावाबाहेरच्या एका खासगी केंद्रात त्याला ठेवलं. तीन आठवड्यांनी भेटायला गेलो तर मनगटावर वळ. पळून जाऊ नये म्हणून रात्री साखळी लावत होते. त्याला तसाच रिक्षात घालून घरी आणला. त्या संध्याकाळी तो प्यायला आणि त्याला अडवायचं तोंड आम्हाला उरलं नव्हतं.

आणखी एक चूक सांगतो, कारण ती बहुतेक घरांत होते. एका ईदच्या आधी आम्ही त्याला खोलीत कोंडलं. एकदम बंद म्हणजे बंद. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री भिंतीवर उंदीर दिसतात म्हणून तो ओरडू लागला आणि पहाटे त्याला फिट आली. आम्हाला वाटलं, बाहेरची बाधा. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूनं दारूशी जुळवून घेतलेलं असतं. ती अचानक काढून घेतली की पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके असं काहीही होऊ शकतं, कधी जीवही जातो. म्हणून दारू सोडवायची ती वैद्यकीय देखरेखीखाली, औषधं आणि जीवनसत्त्वं देऊन. ‘हा आजार आहे, नालायकी नाही,’ असं त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात प्रथमच उच्चारलं गेलं होतं.

मुक्तांगण

त्यांनीच पुण्याच्या मुक्तांगणचं नाव सुचवलं. ते साल २०११. मराठी वाचकाला या संस्थेची जन्मकथा थोडीफार माहीत असते. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर म्हणजे ‘गर्द’ मुंबई-पुण्याच्या पोरांना गिळत होती. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये. काम पुढे चालू राहिलं. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते सांभाळलं. २००९ पासून स्त्रियांसाठी तिथे ‘निशिगंध’ नावाचा वेगळा विभाग आहे.

भावाला घेऊन गेलो तेव्हा मी आधी कुलपं शोधली, साखळ्या शोधल्या. दिसला एक पन्नाशीचा माणूस. भावाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, ‘ये. मीसुद्धा असाच आलो होतो.’ तिथले कितीतरी कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. नवख्याला डॉक्टरांसमोर थाप मारता येते, बायकोसमोर मारता येते. ज्यानं त्याच सगळ्या थापा मारून पाहिल्या आहेत, त्याच्यासमोर कशी मारणार?

उपचार पस्तीस दिवसांचे. सुरुवातीला शरीरातलं विष उतरवणारी औषधं, मग सकाळचा व्यायाम, साफसफाई, गटात बसून बोलणं, समुपदेशन. नातेवाइकांच्याही सभा असतात. बायकांचा गट आहे, त्याचं नाव ‘सहचरी’. माझी भावजय त्या गटात जाऊन आली आणि रात्री एस.टी.त मला म्हणाली, ‘भाईजान, तुम पैसे देते गए, ये पीते गए.’

मला राग आला. त्याचं कर्ज मी फेडलं, उधाऱ्या मी चुकत्या केल्या, पोलीस चौकीतून मी सोडवून आणला, मालकांना मी समजावलं... आणि दोष माझा? टेंभुर्णी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. पण ती बरोबर होती. त्याच्या पिण्याची प्रत्येक किंमत मी भरत होतो, म्हणून त्याला ती कधी भरावीच लागली नाही. मी त्याला सांभाळत होतो की अब्रूला, हा प्रश्न मी स्वतःला पहिल्यांदा त्या एस.टी.त विचारला.

खरी परीक्षा गल्लीत

श्रोतेहो, इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पस्तीस दिवसांनंतर भाऊ घरी आला. तेजस्वी चेहरा, इस्त्रीचा सदरा. आणि सात महिन्यांनी पुन्हा प्यायला.

कारण केंद्रात पस्तीस दिवस असतात आणि गल्लीत बारा महिने. गल्ली तीच, कोपरा तोच, शनिवारचा पगार तोच आणि पगारानंतर वाट पाहणारे दोस्तही तेच. लग्नाच्या मांडवामागं कुणीतरी म्हणायचं, ‘आता बरा झालास ना, मग एका घोटानं काय होतंय?’ या आजारात बरा झालेला माणूस ‘प्रमाणात’ पिऊ शकेल असा भरवसा धरता येत नाही. पण हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं. घरात आम्ही त्याच्या तोंडाचा वास घेत होतो. कामावर हत्यारं मोजून घेत होते. तो प्यायला नाही तरी संशयित आणि प्यायला तरी संशयित. एका संध्याकाळी त्यानं विचार केला असेल, मग न पिऊन उपयोग काय?

तो पुन्हा मुक्तांगणमध्ये गेला. त्यांनी दार लावून घेतलं नाही. या आजारात घसरण होते, ती अखेर नव्हे, असं ते सांगतात. पण दुसऱ्यांदा तो परत आला तेव्हा आम्ही त्याच्याऐवजी गल्लीची तयारी करून ठेवली.

मी गॅरेजच्या मालकांकडे गेलो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. म्हटलं, ‘अण्णा, नऊ वर्षं तुम्हाला खोटं सांगितलं. ताप नव्हता.’ अण्णा हसले, ‘मला काय माहीत नव्हतं व्हय?’ मग त्यांनी एवढंच केलं, शनिवारचा पगार सोमवारी सकाळी द्यायला लागले. भावाच्या मर्जीनं तो भावजयीच्या हातात. शनिवारची संध्याकाळ रिकाम्या खिशानं पार पडली की निम्मी लढाई जिंकली. यासाठी ना अनुदान लागलं, ना इमारत.

मग मी मशिदीच्या मौलाना साहेबांकडे गेलो. जाताना पाय जड झाले होते. ते शांतपणे म्हणाले, ‘दारूची मनाई एका दिवसात आली नव्हती, हे लोक विसरतात.’ आधी सांगितलं गेलं की हिच्यात फायद्यापेक्षा नुकसान मोठं आहे. मग सांगितलं, नशेत नमाजजवळ येऊ नका. शेवटी सांगितलं, दूरच राहा. माणसाची सवय पायरी पायरीनं सुटते, हे त्यात आहे. त्यानंतरच्या एका जुम्म्याला ते पिण्याच्या पापावर बोलले नाहीत. पिणाऱ्याच्या घरच्यांची शेजाऱ्यांनी थट्टा करू नये, यावर बोलले. त्या रात्री आमच्या दारावर टकटक झाली. तीन गल्ल्यांपलीकडचे एक गृहस्थ होते. म्हणाले, ‘तुमच्या भावाला कुठं नेलं होतं?’ आपल्यात कुणी पीत नाही म्हणणाऱ्यांत ते अग्रभागी असत.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती सभा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये १९३५ साली दोन पिणारे, एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, एकमेकांच्या आधारानं दारूपासून दूर राहिले. तिथून ही चळवळ निघाली. आपल्या देशात ती १९५७ पासून आहे. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारत नाहीत. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. आमच्या शहरात एका शाळेच्या वर्गात ही सभा भरते. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसतात आणि आपली गोष्ट सांगतात. वकील असतो, हमाल असतो. जन्मभराची शपथ इथे कुणी घेत नाही. आजचा दिवस प्यायचं नाही, बस्स. उद्याचं उद्या. न पिता वर्ष झालं की वाढदिवस साजरा करतात. भावाचा पहिला वाढदिवस ऑगस्ट २०१३ मध्ये झाला. अम्मी आली होती. सत्तरीची अम्मी चाळिशी गाठलेल्या लेकाच्या पहिल्या वाढदिवसाला. घरच्या माणसांसाठी ‘अल-अनॉन’ नावाच्या अशाच सभा असतात.

दवाखान्याच्या अलीकडे

आमच्या घराला डॉक्टर भेटल्या, संस्था भेटली. सगळ्यांना भेटते का? केंद्र शासनानं ‘एम्स’कडून केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात दहा ते पंचाहत्तर वयोगटात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि जे पूर्ण दारूच्या आहारी गेले आहेत, त्यांच्यात ३८ पैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ कुठे आहेत? ते आपल्या घरांत आहेत. ताप आलाय म्हणून.

एवढ्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, खाटाही नाहीत. म्हणून गोव्यातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांच्या ‘संगथ’ या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो केला. त्रासदायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला त्यांनी डॉक्टर नेमले नाहीत. मानसोपचाराचं कोणतंही आधीचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांनाच समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. फार तर चार भेटी, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. माणूस कधी पितो, कुणाबरोबर पितो, मनाची ओढ कशी टाळायची, यावर बोलणं. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. समुपदेशन मिळालेल्यांत ते प्रमाण ३६ टक्के होतं. आधीच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले तिकडे १८ टक्के, इकडे ४२. हा चमत्कार नव्हे. पण चार भेटींत, गावच्याच माणसाकडून एवढं होत असेल तर ते थोडंही नव्हे.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. त्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पण बंदी असली तरी चोरटी दारू येते आणि तंबाखूचा खर्रा तर उघड चघळला जातो. म्हणून डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानं, शासनाला बरोबर घेऊन २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू झालं. गावागावांत संघटना, गावातच व्यसनमुक्तीची शिबिरं, तालुक्याला उपचाराची सोय. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या मोठ्या लढ्यानंतर २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर मोठा वाद आहे. त्यात मी शिरत नाही. पण दुकान बंद झालं म्हणून पिणाऱ्याचा आजार बरा होत नाही आणि उपचार मिळाले तरी दाराशी दुकान असेल तर तो टिकत नाही. दोन्ही बाजूंनी काम लागतं, हे या दोन जिल्ह्यांकडे पाहून समजतं.

आता दारूइतकीच भीती गोळ्यांची वाटते. मालेगावच्या यंत्रमाग वस्तीत ‘कुत्ता गोली’ म्हणून झोपेच्या गोळीचं नाव झालं आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आहेत. वास येत नाही, झिंगताना दिसत नाही, त्यामुळे आईबापांना पत्ता लागत नाही. चपला सांभाळत बसलेला तो मुलगा आता मोठा झाला आहे. एका रात्री त्यानं सांगितलं, ‘बडे अब्बा, माझा एक दोस्त गोळ्या घेतो. कुणाला सांगू?’ तो मला विचारू शकला, याचं मला बरं वाटलं. नऊ वर्षं आम्ही ज्याला ताप म्हणत होतो, त्याला तो आजार म्हणत होता. त्या दोस्ताला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. पोलिसांची भीती त्याला होती. पण स्वतःहून उपचार घ्यायला येणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थविरोधी कायद्यातही, काही अटींवर, संरक्षण दिलेलं आहे. त्या मुलाचं अजून सगळं ठीक झालेलं नाही. दोनदा तो मध्येच यायचा थांबला. आम्ही पुन्हा बोलावलं.

म्हणून जाता जाता एवढीच विनंती. तुमच्या घरात, शेजारी कुणाला असा ‘ताप’ असेल तर तो ताप नाही, हे एका तरी विश्वासाच्या माणसापाशी बोला. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा. केंद्र शासनाच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर विचारा. दारू एकदम तोडून कोंडू नका, चोरून औषध देऊ नका, साखळी लावणाऱ्यांच्या हाती माणूस देऊ नका. उपचार घेऊन कुणी परत आला असेल, तर त्याला काम द्या आणि लग्नाच्या मांडवात त्याच्या हातात सरबताचा पेला तुम्हीच आधी द्या.

परवा भाऊ खरोखरच तापानं फणफणला होता. गॅरेजचा पोऱ्या दारात आला. मी सांगितलं, ‘ताप आलाय त्याला.’ पोऱ्या म्हणाला, ‘बरं, औषध घ्या म्हणावं,’ आणि गेला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.